रिव्हर्ब शेवटाकडून ऐकावा

सॉलिड बॉडीच्या इलेक्ट्रिक गिटारला पोट नसतं. अकूस्टिक गिटारची तार छेडली की लाकडाचा पोकळ डबा घुमतो, खोलीतली हवा हलते, भिंती उत्तर देतात आणि हे सगळं मिळून स्वर आपल्या कानाशी येतो. इलेक्ट्रिकमध्ये तारेखालचं चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली केसाइतकी बारीक तांब्याची तार एवढंच काय ते ऐकतं. त्या पिकअपला खोली ठाऊकच नसते. तारेची थरथर तेवढी वायरीतून पुढे जाते. त्यामुळे हेडफोन लावून नुसती इलेक्ट्रिक गिटार ऐकली की स्वर कानाच्या पडद्याला चिकटून बसल्यासारखा वाटतो, आणि तारेवर हात ठेवला की जागच्या जागी तुटतो. सतारीला तरफा असतात, तंबोऱ्याला जवारी असते; आपल्या वाद्यांनी स्वराची आस वाद्याच्या आतच सांभाळली आहे. इलेक्ट्रिक गिटारला ती बाहेरून द्यावी लागते, आणि ते काम रिव्हर्बचं, म्हणजे बाहेरून घातलेल्या घुमाऱ्याचं.

नाशिकमध्ये गिटार वाजवणारी मुलं आता भरपूर आहेत. कॉलेज रोडला, गंगापूर रोडला शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या कॅफेत कुणीतरी वाजवत असतं. बहुतेकांचा प्रवास सारखाच: आधी आवाज चरचरीत करणारं एखादं ओव्हरड्राइव्ह, मग स्वर थोड्या उशिराने पुन्हा ऐकवणारं डिले, आणि मग चार ते सहा हजारांतलं, तळहातावर मावणारं रिव्हर्बचं पेडल, म्हणजे पायाने चालू-बंद करायची डबी. त्यावर मोड निवडायला एक खटका असतो: रूम, हॉल, चर्च, प्लेट, स्प्रिंग, मॉड, शिमर. कुणात पाच, कुणात सात, कुणात अकरा. घ्यायच्या आधी मुलं मला विचारायला येतात, आणि पहिला प्रश्न हमखास मोड किती आहेत याचाच असतो.

मला सांगायचंय ते एवढंच, की रिव्हर्बचं पेडल मोड मोजून घेऊ नये आणि सगळे नॉब वर चढवून तर मुळीच पारखू नये. स्वर कसा विझतो ते ऐकावं. ज्याची शेपटी, म्हणजे स्वरामागे उरणारा घुमारा, अगदी शेवटपर्यंत स्वच्छ राहते असे दोन-तीन मोड ज्या पेडलमध्ये आहेत ते घ्यावं. बाकीचे मोड कसे का असेनात.

पण विझणं ऐकायला कान तयार लागतो, आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत. आपापल्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये दुपारी गाड्या नसताना जावं. दोन समोरासमोरच्या कोऱ्या भिंतींच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवावी. टाळीमागून एक टर्रर्र असा आवाज येतो, कुणीतरी बोटाने कंगव्याचे दात ओढल्यासारखा. आवाज दोन भिंतींमध्ये चेंडूसारखा आपटत राहतो, त्याला फुटायला, विखरायला काही मिळत नाही, म्हणून प्रत्येक आपटणं वेगळं कळतं. मग एखाद्या सकाळी, गर्दी व्हायच्या आत, पांडवलेणी चढून जावं. अठरा नंबरचं लेणं हे तिथलं चैत्यगृह. आत दोन्ही बाजूंना खांबांची रांग, टोकाला स्तूप, वर कमानदार छत, सगळं एकाच कातळातलं. तिथे हळूच एक टाळी. खांब, स्तूप, वळणारं छत यांच्यावर तिचे इतके तुकडे होतात की मोजता येत नाहीत. उत्तर एकसंध येतं आणि एकसंधच विरत जातं. पार्किंगमधली टाळी आणि लेण्यातली टाळी यांतला फरक एकदा कानात बसला की रिव्हर्बच्या पारखीचं निम्मं काम झालं. वाईट रिव्हर्ब पार्किंगसारखा वाजतो.

या विरण्याला मोजता येतं हे पहिल्यांदा दाखवलं हार्वर्डच्या वॉलेस सॅबिन यांनी. 1895 मध्ये विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयातलं व्याख्यानाचं सभागृह त्यांच्याकडे सोपवलं गेलं, कारण तिथे बोललेलं कुणाला कळत नव्हतं. एक शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा आणि पुढचे शब्द त्यावर चढायचे. सॅबिन यांनी रात्री, गाव शांत झाल्यावर, ऑर्गनची एक नळी आणि वेळ मोजायचं साधन घेऊन काम केलं. शेजारच्या थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून सभागृहात पसरल्या, आणि किती गाद्यांनी आवाज किती लवकर मरतो ते नोंदवलं. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरतात: खोलीचं घनफळ जितकं मोठं तितका घुमारा लांब, आवाज पिणारे पृष्ठभाग जितके जास्त तितका तो आखूड. आवाज 60 डेसिबलने खाली यायला लागणारा वेळ हे त्याचं माप.

आपल्या फ्लॅटमधल्या बारा बाय दहाच्या बेडरूमला हे सूत्र लावून बघा. फरशी, प्लास्टर आणि रिकामी खोली धरली तर घुमारा दीड सेकंदाच्या आसपास येतो. गादी, पडदे, कपाट, कपडे आले की तोच अर्ध्या सेकंदावर उतरतो. नवीन फ्लॅटमध्ये सामान लागायच्या आधी वाजवलेली गिटार अनेकांना आयुष्यभर आठवते ती याचमुळे. हे सांगायचं कारण असं, की आपण पेडल नेहमी कुठल्या तरी खोलीतच ऐकतो. काचेच्या आणि फरशीच्या दुकानात सगळी पेडलं गोड वाटतात, कारण निम्मा रिव्हर्ब दुकानाचा असतो. म्हणून पारख हेडफोनवर करावी, नाहीतर गाद्या-पडद्यांच्या खोलीत अँप, म्हणजे गिटारचा अँप्लिफायर, जवळ घेऊन.

आता खटक्यावरची नावं. त्यांतली दोन खऱ्याखुऱ्या यंत्रांची आहेत, आणि ती यंत्रं माहीत असली की काय ऐकायचं ते कळतं. स्प्रिंग हे हॅमंड ऑर्गनमधून आलं: एका टोकाला स्प्रिंगला झटका द्यायचा, दुसऱ्या टोकाला तो उचलायचा. गिटार आणि अँप बनवणाऱ्या फेंडर कंपनीने 1961 मध्ये ते वेगळ्या पेटीत विकायला काढलं आणि 1963 पासून अँपच्या आत बसवलं. स्प्रिंगमधून सगळी कंपनं एका वेगाने जात नाहीत, काही आधी पोचतात, काही मागून. त्यामुळे पिकने, म्हणजे तार छेडायच्या छोट्या पट्टीने, जोरात फटका मारला की मागून पाण्याचा थेंब पडावा तसा एक ‘टुप्यँव’ येतो. स्प्रिंगचा जीव त्या थेंबात आहे.

प्लेटची गोष्ट जर्मनीची. ईएमटी कंपनीने 1957 मध्ये एक यंत्र आणलं, त्यात एक बाय दोन मीटरचा पोलादी पत्रा चौकटीत टांगलेला असायचा. एका ठिकाणी आवाजाने तो पत्रा थरथरवायचा, दुसऱ्या ठिकाणी थरथर टिपायची. सगळं मिळून वजन पाव टनाच्या वर. पत्र्यात खोलीसारख्या भिंती नाहीत, आणि आवाज पसरतो झटकन. म्हणून प्लेटचा घुमारा क्षणात दाट होतो आणि त्यात कुठलीच जागा दिसत नाही, नुसता उजेड पसरल्यासारखा वाटतो. गाणाऱ्याच्या आवाजाला आणि गिटारच्या सोलोला मला स्वतःला हाच सगळ्यात आवडतो.

हॉल, रूम, चर्च यांना मात्र असं एखादं मूळ यंत्र नाही. ती गणितातून बांधलेली कल्पना आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत मॅनफ्रेड श्रोडर यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला संगणकाने घुमारा तयार करायची रीत मांडली. आवाज थोडा थोडा उशिरा स्वतःमध्येच परत मिसळायचा, असे अनेक फेरे एकावर एक घालायचे. त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं की सेकंदाला निदान हजारेक प्रतिध्वनी झाल्याशिवाय कानाला ते फडफडल्यासारखं वाटतं. म्हणजे पार्किंगमधला टर्रर्र. स्वस्त पेडलमधला सगळ्यात मोठा दोष अजूनही तोच आहे: फेरे कमी, म्हणून शेपटी विरळ.

आणि मोडांची संख्या? एफव्ही-1 नावाची एक चिप आहे, कीथ बार यांनी बनवलेली. स्वस्त पेडलांतही सापडते आणि हाताने बनवलेल्या महाग पेडलांतही. तिच्यात साधारण एका सेकंदाचा आवाज साठवायची जागा असते, आठ प्रोग्रॅम चिपच्या पोटातच असतात आणि बाहेरून आणखी आठ देता येतात. काही पेडलांत वेगळा प्रोसेसर असतो, पण तत्त्व तेच. सातव्या मोडनंतर आठवा द्यायचा म्हणजे कारखान्यात एकही जास्तीचा सुटा भाग लागत नाही. मेहनत लागते ती एकेक मोड कानाने घासून बरा करण्याला, आणि ती मेहनत खोक्यावर छापता येत नाही. त्याच चिपवर कुणी सुंदर प्लेट बनवतो आणि कुणी पत्र्याचा डबा.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीतली, बारावीची परीक्षा दिलेली एक मुलगी असंच एक पेडल घेऊन आली. दुकानदाराने चांगुलपणाने दोन दिवस वाजवून बघायला दिलं होतं.

“काका, नऊ मोड आहेत यात. हे ऐका.”

तिने शिमर लावला, सगळे नॉब उजवीकडे टोकाला, आणि एक ई मायनर सोडला. खोली भरून गेली. शिमरमध्ये घुमणारा आवाज फिरत्या फिरत्या एक सप्तक वर चढवलेला असतो, त्यामुळे गिटारमागून व्हायोलिनांचा ताफा उठल्यासारखा वाटतो.

“छान वाटतंय,” मी म्हणालो, आणि वाटतच होतं. “आता प्लेट लाव. डिके बारावर, मिक्स नऊवर आण.” डिके म्हणजे घुमारा किती वेळ टिकतो, मिक्स म्हणजे मूळ आवाजात तो किती मिसळतो; आकडे घड्याळाच्या काट्यासारखे, नॉबची खूण कुठे आहे ते सांगणारे.

“एवढं कमी? मग ऐकू काय येणार?”

“तेच ऐकायचंय. डावा हात तारांवर नुसता टेकव, दाबू नको. आणि पिकने एकच फटका मार.”

चक्. त्या कोरड्या, सूर नसलेल्या फटक्यामागे जे येतं ते निव्वळ पेडलचं असतं. स्वर वाजवला की त्याची गोडी दोष झाकते, फटक्यात झाकायला काही नसतं. आम्ही डोळे मिटून तोच फटका पुन्हा पुन्हा ऐकला, मग मिक्स वर घेऊन, मग डिके टोकाला नेऊन. प्लेटची शेपटी आधी जाड, मग पातळ, मग नुसता श्वास, आणि मग काही नाही. मध्ये कुठे किरकिर नाही, कुठे झिणझिण नाही. चर्चवर नेल्यावर मात्र दुसऱ्या सेकंदापासून एक बारीक शिट्टी सुरू झाली. कुठलाही फटका मारा, ती त्याच सुरात. खऱ्या मोठ्या जागेला असा हट्टाचा एक सूर नसतो. हे फेऱ्यांचं गणित उघडं पडल्याचं लक्षण. स्प्रिंगमध्ये थेंबच नव्हता. हॉलची शेपटी निम्म्या डिकेपर्यंत उत्तम, त्यापुढे शेवटी शेवटी एकदम कापली जायची, कारण आतली खरखर लपवायला आवाज ठरावीक पातळीखाली गेला की पेडल तो बंद करत होतं. तिने ते माझ्या आधी पकडलं.

“काका, शेवटचा तुकडा गायब आहे.”

इथून पुढे तिला काही सांगावंच लागलं नाही.

मिक्स शून्यावर ठेवून पेडल चालू-बंद करून बघितलं. हा प्रयोग कुणी करत नाही आणि तो सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण रिव्हर्ब थोडाच वाजतो, मूळ आवाज मात्र पूर्ण वेळ त्या डबीतून जातो. चालू केल्यावर आवाज बसला, पातळ झाला किंवा मागे सूं सुरू झाली तर पेडल परत करावं. काही पेडलांत मूळ आवाजही आकड्यांमध्ये बदलून परत आणतात. त्याने नुकसान होतंच असं नाही, कारण गिटारच्या अँपचा स्पीकर पाच-सहा किलोहर्ट्झच्या वर फारसं काही काढतच नाही. पण पातळी बदलता कामा नये. तिच्या पेडलची बदलली नाही.

मग जाड सहावी तार. मोकळी वाजवली की ती 82 हर्ट्झवर थरथरते, आणि लांब रिव्हर्बमध्ये या खालच्या स्वरांचा चिखल होतो. टोनचा नॉब फिरवला की चिखल कमी होतो का नुसता वरचा उजेड जातो, हे पाहावं. इथे उजेड जात होता आणि चिखल राहत होता. हा दोष खरा, पण बास वाजवणारा सोबत असला की गिटारवाल्याने अँपवरच खालचे स्वर थोडे कमी करावेत, म्हणजे निभावतं.

पिक आणि घुमारा यांच्या मधल्या फटीबद्दलही थोडं. भिंत पाच मीटरवर असेल तर आवाज जाऊन यायला सुमारे 29 मिलिसेकंद लागतात. तेवढ्या फटीत पिकचा ठोका स्वच्छ सुटतो, आणि मागून जागा येते. महाग पेडलांत या फटीसाठी वेगळा नॉब असतो, स्वस्तात बहुधा नसतो. ती बनवणाऱ्याने आत ठरवून टाकलेली असते. जलद तानेसारखी ओळ वाजवली आणि प्रत्येक स्वराचं तोंड वेगळं ऐकू आलं, तर फट बरोबर ठेवली आहे असं समजावं. तिच्या हॉलमध्ये ती होती. रूममध्ये नव्हती, पण रूम इतकी आखूड होती की अडलं नाही.

विजेचं थोडक्यात. हे पेडल 9 व्होल्टचं, आतला ध्रुव ऋण, आणि डिजिटल असल्यामुळे शंभर मिलिअँपिअर किंवा त्याहून जास्त ओढणारं. बॅटरीवर ते फार तर एक कार्यक्रम निभावेल. घरातल्या कुठल्यातरी जुन्या अडॅप्टरची पिन बसते म्हणून लावू नये, ध्रुव उलटे असले तर पेडल जातं. एकाच अडॅप्टरची माळ करून सगळी पेडलं चालवली तर डिजिटल पेडलची सूक्ष्म शिट्टी ओव्हरड्राइव्हमध्ये शिरते आणि तिथे मोठी होते; लोक मग रिव्हर्बलाच नावं ठेवतात. वेगळ्या आउटपुटचा पॉवर सप्लाय रिव्हर्बइतक्याच किमतीला पडतो, आणि माझ्या मते आधी तो घ्यावा. जुन्या नाशकात, पंचवटीत अजून दोन पिनांच्या सॉकेटवर चालणारे वाडे आहेत. तिथे अर्थिंग नसल्याची गुणगुण कुठलंच पेडल घालवू शकत नाही.

त्या वाड्यांचा आवाज मात्र मला फार प्रिय आहे. मातीच्या जाड भिंती, लाकडी तक्तपोशी, कोपऱ्यात गोधड्यांची चळत. आवाज निघाला की लाकूड-माती तो पिऊन टाकतात. अशा खोलीत सरावाला बसलं की रूम मोड लावून ठेवावासा वाटतो. उलट मंगल कार्यालयात, चकचकीत फरशी आणि उंच छताखाली, पेडल बंद ठेवलेलं बरं. सॅबिन यांचं सभागृह तिथे आयतंच हजर असतं. लॉन्सवर किंवा सुला वाइनरीच्या उघड्या रंगमंचासारख्या ठिकाणी आवाज गेला तो गेला, परत येतच नाही, आणि गिटार एकदम उघडी-वाघडी वाटते. तिथे प्लेट हवी. कालिदास कलामंदिरासारख्या नाट्यगृहात साउंडवाला वरून स्वतःचा रिव्हर्ब देतो. त्याला आधी विचारून घ्यावं, नाहीतर दोन घुमाऱ्यांत स्वर बुडतो.

ओव्हरड्राइव्हच्या आधी रिव्हर्ब ठेवला तर घुमाराही चरचरतो आणि कॉर्ड ओळखू येत नाही. काही गिटारवाल्यांनी जाणूनबुजून तसं करून अप्रतिम काम केलंय, पण शिकताना रिव्हर्ब साखळीत शेवटी असावा. पेडल बंद केल्यावर शेपटी तुटते की आपली आपण विरते, हेही बघून घ्यावं. शांत गाण्याच्या मध्येच शेपटी तुटली की ऐकणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. तिच्या पेडलला आत एक छोटा खटका होता, तो सरकवल्यावर शेपटी राहायला लागली.

एवढं सगळं झाल्यावर तिने वहीत लिहिलं: प्लेट चांगला, रूम चांगली, हॉल निम्म्यापर्यंत चांगला. शिमर एकेका स्वराला ठीक, कॉर्डला बेसूर. बाकीचे पाच नकोत.

“म्हणजे नऊपैकी तीनच,” ती म्हणाली. आवाजात निराशा होती. “परत देऊ का?”

मी तिला तिची आवडती ओळ प्लेटवर वाजवायला सांगितली, मिक्स नऊवरच ठेवून, आणि मधेच पायाने पेडल बंद करायला. बंद केल्यावर तिने पुढचे दोन स्वर वाजवले आणि हात थांबवला. पुन्हा चालू केलं. काही बोलली नाही, ओळ पूर्ण केली.

तीन मोड असे असलेलं पेडल या किमतीत मी स्वतः घेईन, असं तिला सांगितलं, आणि मनापासून सांगितलं. तीस-चाळीस हजारांच्या पेडलमध्येसुद्धा बहुतेक वाजवणारे दोनच मोड वापरतात. तिथली शेपटी जास्त दाट असते, टोकापर्यंत नेली तरी फाटत नाही, आणि तो फरक खरा आहे, रेकॉर्डिंग करताना तो मोजावाच लागतो. पण ड्रम वाजत असताना, मिक्स नऊवर, प्लेट लावून? तिथे मला तो ओळखता येणार नाही.

पेडल तिने ठेवलं. प्लेटच्या खुणेपाशी पांढऱ्या ऑइल पेंटचा ठिपका लावलाय, म्हणजे अंधारात खटका चुकायला नको. पुढच्या महिन्यात त्यांच्या ग्रुपला गंगापूर रोडवरच्या एका लॉन्सवर वाजवायचंय. तिथे मिक्स साडेदहापर्यंत वर घे, डिके अकरावर ठेव, आणि ओव्हरड्राइव्ह लावायचं गाणं आलं की मिक्स परत नऊवर आण, असं तिला लिहून दिलंय.